वाऱ्याचा रकाना

केळीच्या बागेत वारा शिरला की जाताना सही करून जातो. केळीला लाकूड नसते. ज्याला आपण खोड म्हणतो तो पानांच्या देठांचा एकमेकांभोवती घट्ट गुंडाळलेला, पाण्याने भरलेला जुडगा. मुळे उथळ आणि वर घडाचे ओझे. सोसाट्याचा झोत आला की झाड कमरेतून मोडते किंवा गड्ड्यासकट उपटून पडते, आणि शेंडा ज्या दिशेला जातो तीच वाऱ्याची दिशा. एखाद्या बागेत सगळ्या ओळी पूर्वेकडे माना टाकून पडलेल्या असतात. शेजारच्या बागेत त्या पंख्यासारख्या पसरलेल्या दिसतात. क्वचित कुठे झाडे एकमेकांवर आडवीतिडवी पडून काटछेद झालेला असतो. वारा कसा आला, कुठे आपटला, कुठे वळला, हे सगळे तिथे लिहिलेले असते, आणि ते वाचायला दोन-चार दिवसच मिळतात. मग खोडे सडू लागतात आणि बाग मोकळी करावी लागते.

नांदेड शहराला लागून असलेल्या विष्णुपुरीच्या पंचक्रोशीत हे दृश्य नवे नाही. गोदावरीवरच्या विष्णुपुरी प्रकल्पाला आज शंकरराव चव्हाणांचे नाव आहे, आणि आशियातल्या मोठ्या उपसा सिंचन योजनांमध्ये त्याची गणना होते. जलाशयाला लोक शंकरसागर म्हणतात. काठावर काळेश्वराचे देऊळ, जवळच १९८१ साली सुरू झालेले गुरू गोविंदसिंहजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. नांदेड, अर्धापूर, मुदखेडच्या पट्ट्यात पाण्याच्या भरवशावर केळी वाढली. ‘अर्धापुरी’ नावाचे केळीचे वाणच या मातीतले. पुढे उतिसंवर्धित रोपांबरोबर ग्रँड नैन आली. ती जुन्या बसराईपेक्षा उंच, म्हणून वाऱ्याला जास्त सापडणारी. जाणते बागायतदार बागेभोवती शेवरीची दाट कड लावतात आणि घड भरला की झाडाला बांबूचा टेकू देतात. तरीही एप्रिल-मेच्या एखाद्या तिसऱ्या प्रहरी आभाळ काळवंडते, धुळीची भिंत चालून येते आणि वीस मिनिटांत वर्षाची कमाई आडवी होते.

दुसऱ्या दिवशी तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतात. हातात पंचनाम्याचा नमुना असतो. गट नंबर, खातेदाराचे नाव, पीक, लागवडीखालचे क्षेत्र, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी. खाली पंचांच्या सह्या किंवा अंगठे. किती पडले, याला रकाना आहे. कोणत्या दिशेला पडले, याला नाही.

असे का, याचे उत्तर जुन्या दप्तरात सापडते.

‘अस्मानी-सुलतानी’ हा शब्द आज आपण कुठल्याही दुहेरी संकटाला लावतो. जुन्या काळात तो करारमदारात आणि कौलात येई. आभाळातून आलेले किंवा राजसत्तेकडून ओढवलेले संकट असेल तर ठरलेल्या वसुलीत सवलत मिळावी, असा त्याचा व्यवहारी अर्थ होता. म्हणजे गारपीट असो की फौजेची लूट, तिची नोंद होई ती सारा किती सोडायचा हे ठरवण्यासाठी. मराठेशाहीच्या कागदांत ‘पाहणी’, ‘सूट’, ‘तकावी’ हे शब्द हातात हात घालून येतात. आधी पाहणी, मग सूट, आणि पुढच्या पेऱ्यासाठी तकावी, म्हणजे सरकारी कर्ज. पाहणीदाराला वाऱ्याशी देणेघेणे नव्हते. त्याचे लक्ष खळ्यावर होते.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा या नजरेला आधुनिक कारकुनी मिळाली. १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे दिवाण राहिलेल्या पहिल्या सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी केली म्हणजे राज्याचे जिल्हे पाडले, पगारी तहसीलदार नेमले आणि मुलूख कागदावर आणला. पुढे मोजणी होऊन ‘सेतवार’ नावाची जमिनीची नोंदवही आली. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे इसवी १९०७-०८चा. जुन्या नकला काढायला गेलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला आजही फसली सालात ५९० मिळवून इसवी साल काढावे लागते. गावात पाटील आणि पटवारी, त्यांच्यावर गिरदावर, त्याच्यावर तहसीलदार. पटवारी शिवार फिरून कोणत्या शेतात काय उभे आहे ते लिहून घेई. तीच ‘पहाणी’. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५च्या सुमारास झालेले ‘खासरा पहाणी पत्रक’ तर अजूनही कोर्टकचेऱ्यांत पुरावा म्हणून पुढे येते.

शेजारच्या मुंबई इलाख्यात पीक मोजायची भाषा आण्यांची होती. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस. चार आण्यांच्या आत आले तर साऱ्याची पूर्ण तहकुबी, चार ते सहा आण्यांत निम्मी. रुपयाचे सोळा आणे १९५७च्या दशमान नाण्यांनी मोडीत काढले, तशी आणेवारीची ‘पैसेवारी’ झाली. आता पन्नास पैशांच्या खाली की वर, यावर गावाचे वर्ष ठरते. सप्टेंबरअखेरच्या पहिल्या पैसेवारीला तर ‘नजरअंदाज’ म्हणतात. या एका शब्दात सगळी पद्धत आली: बांधावर उभे राहून डोळ्यांनी केलेला अंदाज.

१७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६०ला महाराष्ट्रात आला. १९६२च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली, १९६६ला जमीन महसूल संहिता आली आणि पटवाऱ्याच्या जागी तलाठी बसला. १९६३ साली तर राज्याने कायदा करून ‘दुष्काळ’ अशा अर्थाचा ‘फॅमिन’ हा शब्दच कायद्याच्या पुस्तकांतून काढून टाकला. पैशाची दिशाही उलटली. पूर्वी सरकार आपल्या येण्यातून काही सोडत असे, आता तिजोरीतून काही देऊ लागले. सारा नाममात्र राहिला आणि ‘सुटी’ची जागा ‘मदती’ने घेतली. नमुन्यातला हिशेब मात्र जुनाच राहिला. तो माणसाला खातेदार म्हणून ओळखतो आणि संकटाला वजाबाकी म्हणून.

याच हैदराबाद राज्यात संकटाकडे दुसऱ्या नजरेने पाहिल्याचेही एक उदाहरण आहे. २८ सप्टेंबर १९०८ला मुसी नदीला महापूर आला आणि हैदराबाद शहरात हजारो माणसे वाहून गेली. निजामाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. किती घरे पडली, एवढ्यावर ते थांबले नाहीत. पाऊस कुठे किती झाला, पाणलोटात किती तळी फुटली, पाणी कुठल्या वाटेने शहरात शिरले, हे त्यांनी शोधले. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन जलाशय उभे राहिले. पाण्याला असा पाहणारा मिळाला, आणि मराठवाड्यात भूकंपालाही मिळाला.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे निजली होती. चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतरची पाहणी मराठवाड्याने कधी न पाहिलेली होती. महसूल खात्याच्या जोडीला भूकंपतज्ज्ञ आणि बांधकाम अभियंते गावोगाव फिरले. भिंत कुठल्या बाजूला फुगली, कोपरा का सुटला, छत कसे बसले, हे त्यांनी टिपले. दोषी ठरले ते माळवद. दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर लाकडी तुळयांवर फूटभर किंवा जास्तच मातीचे छत. उन्हाळ्यात माठासारखे गार आणि भूकंपात थडग्यासारखे जड.

बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. पण घर वाटताना जुना हिशेब पुन्हा वर आला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्याला ४५०, त्यावरच्याला ७५०. पडलेला वाडा किती खणांचा होता, यापेक्षा सात-बारावर किती जमीन होती, हे मोजले गेले. भूकंपाच्या पाहणीलाही महसुली वहीची कड सुटली नाही.

त्या भूकंपाने आणखी एक गोष्ट केली, जिचा संबंध थेट वाऱ्याशी येतो. डोक्यावरच्या जड छताची लोकांनी धास्ती घेतली. पहिला आसरा मिळाला तो पत्र्याच्या शेडमध्ये, आणि पुढे पत्रा मराठवाड्यात पसरतच गेला. दूरच्या गावांतही पुष्कळांनी जुने माळवद बळकट करण्यापेक्षा शेजारी पत्र्याची खोली काढणे पसंत केले. पत्रा भूकंपात मारत नाही, पण वाऱ्याला तो पतंगासारखा सापडतो. म्हणून त्यावर दगड ठेवायचे. वादळात पत्रा उचलला गेला की तेच दगड खाली येतात. वादळानंतर ‘अंशतः पडझड’ असे लिहिलेल्या घरात कुणाचे डोके फुटलेले असते, ते या दगडांनी. केंद्राच्या निकषांप्रमाणे अंशतः पडझडीला मदत मिळायची तर घराचे किमान पंधरा टक्के नुकसान दिसावे लागते. चार पत्रे उडाले तर किती टक्के, यावर अंगणात बराच वेळ वाद चालतो.

वाऱ्याची आणि गारांची मोठी परीक्षा आली ती २०१४ साली. दुष्काळातून मराठवाडा नुकता उठत होता. रब्बीची ज्वारी कणसात, हरभरा आणि गहू काढणीला, आंबा मोहरात, द्राक्षे तोडणीला. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत वादळी वारे आणि गारा पुन्हा पुन्हा येत राहिल्या. कुठे लिंबाएवढ्या, कुठे त्याहून मोठ्या. शिवार पांढरे झाले, झाडांखाली पाखरांचा सडा पडला, उभी ज्वारी भुईसपाट झाली. एकाच शिवाराचा पंचनामा संपतो न संपतो तोच दुसरा मारा होई आणि आधीचे आकडे बाद होत. त्यातच लोकसभेची आचारसंहिता लागलेली. पृथ्वीराज चव्हाण सरकारने मार्चमध्येच सुमारे चार हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यासाठीही निवडणूक आयोगाची परवानगी लागली. बारामतीजवळ माळेगावला असलेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने त्या गारपिटीवर त्याच वर्षी पुस्तिका काढली. तीत गारांची कारणे होती, पिकांवरचे घाव होते आणि जखमी बागा सावरायच्या कशा, याचेही मार्गदर्शन होते.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०१५मध्ये, देशभरच्या अवकाळीनंतर केंद्राने निकष सैल केला. आधी निम्मे पीक गेले तरच मदत मिळे, ती मर्यादा तेहतीस टक्क्यांवर आली. आता बांधावरची घासाघीस या तेहतिशीभोवती फिरते.

प्रत्येक संकटाला अशी एक वेस आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की ‘अतिवृष्टी’. भूकंपाला रिश्टर. गारपीट केंद्राच्या आपत्तींच्या यादीत नावानिशी आहे. महाराष्ट्राने २०१४च्या जानेवारीत आपल्या वतीने अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, समुद्राचे उधाण आणि आकस्मिक आग यांना आपत्ती म्हणून मान्यता दिली. समुद्र नसलेल्या मराठवाड्याला त्यातले उधाण कधीच लागणार नाही, आणि जो नेहमी लागतो तो नुसता वारा त्या पाचांत नाही. तो येतो पावसाच्या किंवा गारांच्या बरोबरीने, जोडशब्दातला पहिला शब्द होऊन: ‘वादळी वारे व अवकाळी पाऊस’. कोरडा झोत आला, बाग पाडून गेला आणि पावसाचे चार थेंबही पडले नाहीत, तर संकटाला नाव कोणते द्यायचे, इथून अडचण सुरू होते.

पडलेल्या वस्तूंवरून वारा वाचण्याचे शास्त्र ज्याने उभे केले, तो माणूस जपानचा. तेत्सुया फुजिता, जन्म १९२०, क्यूशू बेटावरचा. सप्टेंबर १९४५मध्ये तो नागासाकी आणि हिरोशिमाला गेला. नागासाकीच्या स्मशानातल्या बांबूच्या फुलदाण्यांवर भाजल्याच्या खुणा होत्या. त्या कुठल्या बाजूला, किती खोल आहेत, यावरून त्याने बॉम्ब किती उंचीवर फुटला याचा अंदाज बांधला. स्फोटकेंद्रापासून झाडे चहूबाजूंना पडलेली त्याने पाहिली, ती आकृती त्याच्या डोक्यात राहिली. १९५३ला तो शिकागो विद्यापीठात गेला आणि टॉर्नेडोच्या मागे लागला. टॉर्नेडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेली उग्र वावटळ. तिच्या पोटात वेगमापक टिकत नाही. मग फुजिताने उलटा रस्ता धरला: काय मोडले ते पाहा, त्यावरून वेग काढा. १९७१ साली त्याची शून्य ते पाच अशी श्रेणी आली.

३ आणि ४ एप्रिल १९७४. अमेरिकेच्या तेरा राज्यांत मिळून १४८ टॉर्नेडो उठले. फुजिता आणि त्याचे सहकारी विमानातून त्या पट्ट्यांवर फिरले, हजारो छायाचित्रे काढली, एकेक मार्ग नकाशावर उतरवला. बहुतेक ठिकाणी झाडे वावटळीच्या मार्गाकडे वळून पडलेली. पण काही जंगलांत ती एका मध्यापासून बाहेरच्या बाजूला पडली होती. नागासाकीचीच आकृती. ढगातून थंड, जड हवेचा लोंढा सरळ खाली कोसळतो आणि जमिनीवर आपटून चौफेर फाकतो, असे त्याने मांडले. अनेकांनी आधी ते मानले नाही. २४ जून १९७५ला न्यूयॉर्कमध्ये उतरणारे एक विमान अशाच लोंढ्यात सापडून शंभराहून अधिक माणसे गेली, आणि त्या अभ्यासातून पुढे जगभरचे विमानतळ सावध झाले. फुजिताची श्रेणी २००७ला सुधारली गेली. तीत आता अठ्ठावीस प्रकारच्या वस्तूंची यादी आहे: घरे, शाळा, विजेचे खांब, झाडे. केळी त्यात नाही. दगड ठेवलेला पत्राही नाही.

भारतात टॉर्नेडो दुर्मीळ, पण अनोळखी नाही. १७ मार्च १९७८ला दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातून तो काही मिनिटांत गेला आणि अठ्ठावीस जणांचा जीव घेऊन गेला. मराठवाड्यात वैशाखात जे येते ते बहुतेक वेळा त्या दुसऱ्या, वरून कोसळणाऱ्या लोंढ्याच्या जातीचे असते. विदर्भापासून दक्षिणेकडे उतरणाऱ्या हवेच्या द्रोणीत समुद्रावरची दमट हवा येऊन मिळते, तापलेल्या काळ्या रानावर ढग मैलोगणती उंच चढतो, आणि पावसाबरोबर किंवा त्याच्या आधीच थंड लोंढा खाली उतरतो. खेड्यातला माणूस त्याला ‘वावधान’ म्हणतो, ‘वावटळ’ म्हणतो, बातमीदार सरसकट ‘चक्रीवादळ’ लिहितो. वावटळ फिरते, लोंढा फाकतो. दोन्हींचा पुरावा पडलेल्या झाडांत असतो, आणि दोन्हींवरचा उपायही वेगळा. शेवरीची कड एका बाजूने येणाऱ्या वाऱ्याला अडवते. वरून कोसळणाऱ्या वाऱ्याला कड नावाची गोष्टच नसते.

अलीकडे वाऱ्याला एक आकडा मिळाला आहे, तोही विम्याच्या वाटेने. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी ‘वेगाचा वारा’ हा धोका धरला जातो आणि त्याची वेस ताशी चाळीस किलोमीटरची आहे. महावेध प्रकल्पात राज्यभर मंडळागणिक दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, तेव्हा वारा प्रथमच गावाजवळ मोजला जाऊ लागला. पण एका मंडळात बरीच गावे असतात आणि लोंढ्याचा पट्टा कधी अर्ध्या किलोमीटरचाही नसतो. केंद्रावरची वेगमापकाची वाटी निवांत फिरत राहते आणि चार बांध पलीकडे बाग झोपते. अशा वेळी शेतकऱ्याने आधी कळवायचे आणि मग पंचनामा, हाच मार्ग उरतो. यंत्र असूनही साक्ष द्यायला पुन्हा पडलेली झाडेच उभी करावी लागतात.

आता पंचनाम्याबरोबर फोटो लागतो. २०१८च्या फेब्रुवारीत मराठवाड्यात पुन्हा गारपीट झाली. तेव्हा काही गावांत शेतकऱ्यांच्या हाती पाटी देऊन, तिच्यावर नाव आणि गट नंबर लिहून, पोलीस ठाण्यातल्या आरोपीसारखे फोटो काढले गेले आणि राज्यभर संताप उसळला. पुढे पाटी गेली, मोबाइल राहिला. फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आपोआप उमटते, गट खरा की खोटा ते ताडता येते. विष्णुपुरीच्या काठी एखाद्या बागेत तो फोटो काढला जातो तेव्हा शेतकरी आडव्या झाडाशेजारी उभा राहतो, मोडलेला बुंधा आणि मातीने माखलेला घड दिसेल असा. चेहरा आणि नुकसान एकाच चौकटीत यावे म्हणून कृषी सहायक दोन पावले पुढे येतो. झाडाचा शेंडा चौकटीबाहेर राहतो.